'पास' म्हणजे नेमकं काय?



मार्च महिन्यातली गोष्ट. पाचवीची वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. मधल्या सुट्टीत मुलं खिचडी खाऊन ताटल्या धूत होती. तेवढ्यात वर्गातली एक मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. एरवी बडबडी, पण त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द निघेना. शेवटी हळूच म्हणाली, "बाई, मी नापास झाले तर मला पास नाही मिळणार ना?"

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, ती एका वाक्यात दोन वेगळे 'पास' बोलत होती आणि तिच्या दृष्टीने ते दोन्ही एकच होते. आमची जिल्हा परिषदेची शाळा पाचवीपर्यंत. सहावीला मुलं शेजारच्या मोठ्या गावाला एस.टी.ने जातात. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. तिची मोठी बहीण तो पास दप्तरात जपून ठेवून रोज शाळेला जायची. हिला परीक्षेतल्या पासापेक्षा तो दप्तरातला पास जास्त हवा होता. गणितात मात्र तिचं घोडं भागाकारापाशी अडलेलं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्या दिवशी मी तिला "मिळेल गं, अभ्यास कर" एवढंच म्हटलं. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. म्हटलं, चला, या शब्दाचाच एक पाठ घेऊ. तुमच्याही वर्गात, घरात घेता येईल असा आहे. आणि शेवटी मला थोडं स्पष्ट बोलायचंही आहे, तेवढं ऐकून घ्या.

फळ्यावर आलेले 'पास'

मुलांना गृहपाठ दिला. घरी, रस्त्यावर, टीव्हीवर 'पास' हा शब्द ऐकलात की वाक्य लिहून आणायचं. दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला. त्यातली काही वाक्यं बघा:

१. ताई दहावी पास झाली.
२. मामा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो, त्याने महिन्याचा पास काढला.
३. आमची नवी गाडी एमएच १५ पासिंगची आहे.
४. आई म्हणते, टाईमपास करू नको.
५. दादा ओरडला, "बॉल पास कर!"
६. पप्पांचं ट्रॅक्टरचं लोन पास झालं.
७. बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं.
८. काकाच्या मोबाइलला पासवर्ड आहे.
९. आजोबांची बायपास झाली.
१०. शाळेपासून माझं घर लांब आहे.

दहावं वाक्य वाचल्यावर वर्गात खसखस पिकली. पण मी ते पुसलं नाही. कारण चुकीतून शिकवण्याची ही उत्तम संधी होती. 'पासून', 'पाशी' हे आपले घरचे शब्द. हिंदीतला 'पास' म्हणजे जवळ. ही सगळी संस्कृत 'पार्श्व' म्हणजे बाजू या शब्दाची लेकरं. इंग्रजी 'पास'शी त्यांचं काही नातं नाही, फक्त आवाज सारखा. एका गावात दोन घरांचं आडनाव एकच असावं, पण भाऊबंदकी नसावी, तसं हे. मुलांना हे उदाहरण लगेच पटलं.

उरलेली नऊ वाक्यं मात्र एकाच घरातली आहेत. आता ते घर कुठलं ते पाहू.

मुळात आहे पाऊल

इंग्रजीत हा शब्द आला फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये आला लॅटिनमधून. लॅटिन भाषेत 'पासुस' म्हणजे पाऊल, चालताना टाकलेली ढांग. त्यावरून पाऊल टाकणं, पुढे जाणं, ओलांडणं असं क्रियापद झालं.

रोमन लोक लांब अंतर पावलांनी मोजत. उजवा पाय उचलला तिथपासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतचं अंतर म्हणजे एक 'पासुस', साधारण दीड मीटर. अशा हजार ढांगांना ते 'मिले पासुस' म्हणत. 'मिले' म्हणजे हजार. इंग्रजीतला 'माईल', म्हणजे आपला मैल, यातूनच आला. म्हणजे मैलाच्या दगडातसुद्धा आपला 'पास' लपलेला आहे!

आता एकदा का 'पास' म्हणजे पाऊल पुढे टाकणं हे मनात धरलं की फळ्यावरची वाक्यं आपोआप उलगडतात. रेल्वेचा पास म्हणजे पुढे जायची परवानगी. बॉल पास करणं म्हणजे पुढच्या खेळाडूकडे पोचवणं. लोन पास झालं म्हणजे कागद साहेबाच्या टेबलावरून पुढे सरकला. पासवर्ड म्हणजे पहारेकऱ्याला सांगून आत जायचा शब्द. बायपास म्हणजे अडलेल्या जागेच्या बाजूने काढलेली वाट, मग ती गावाबाहेरून जाणारी असो की आजोबांच्या हृदयाजवळची. टाईमपास म्हणजे वेळ पुढे ढकलणं. हा जोडशब्द तर आपण भारतीयांनी घडवून रूढ केलेला आहे.

कंपासपेटीतला 'कंपास' पण याच घरातला. पावलांनी मोजणं यावरून तो शब्द आला. 'पॅसेंजर' पण इथलाच. आणि घड्याळ शिकवताना आपण 'हाफ पास्ट फोर' म्हणतो ना, तो 'पास्ट' म्हणजे 'पास'चंच भूतकाळी रूप. चार वाजून अर्धा तास ओलांडला. असं सांगितलं की मुलं 'पास्ट' आणि 'टू' यांचा घोळ कमी करतात, हा माझा अनुभव आहे.

'पॅशन' हा शब्द मात्र यात घालू नका. तो दिसतो सारखा, पण तो सोसणं या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दातून आलाय. दवाखान्यातला 'पेशंट' त्याचा भाऊ.

आपण नाशिककर तर या शब्दाच्या अगदी शेजारी राहतो. देशभरातल्या लोकांच्या हातातले पासपोर्ट छापले जातात ते आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. ज्याला आपण नुसतं 'प्रेस' म्हणतो तोच तो कारखाना. 'पासपोर्ट' हा फ्रेंच जोडशब्द, बंदरातून किंवा वेशीतून जाऊ देण्याचा परवाना. आणि मुंबईला जाताना लागणारा कसारा घाट, भूगोलाच्या पुस्तकातला थळघाट, त्यालाही इंग्रजीत 'पास'च म्हणतात. डोंगर ओलांडायची जागा.

आपला शब्द काय सांगतो?

मग मी मुलांना विचारलं, "परीक्षेत पास होणं याला पुस्तकी मराठीत काय म्हणतात?" दोघं-तिघं ओरडली, "उत्तीर्ण!"

हा शब्द आपण प्रगतिपत्रकावर शेकडो वेळा लिहिला, पण त्याचा अर्थ कधी पाहिलाय का? संस्कृतमध्ये 'तॄ' हा धातू आहे, तरणे, पार होणे या अर्थाचा. त्यावरून 'उत्तीर्ण', म्हणजे पाणी ओलांडून पलीकडे गेलेला. 'तीर्थ' हा शब्दही याच धातूपासून. तीर्थ म्हणजे मुळात नदी पार करायची जागा, उतार. गोदाकाठच्या आपल्या तीर्थक्षेत्राच्या नावात आणि मुलाच्या निकालपत्रात एकच धातू आहे!

आणि आपण "काठावर पास झाला" म्हणतो, त्यातही नदीच आहे बघा.

म्हणजे लॅटिनवाल्यांनी पाऊल पाहिलं, आपल्या पूर्वजांनी नदी पाहिली. दोघांनाही दिसला तो चालणारा, तरणारा माणूस. 'प्रगती' शब्दातही गती आहे. इंग्रजी 'ग्रेड' हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आलाय. शाळेतल्या निकालाचे हे सगळे शब्द मुळात चालण्याचे आहेत.

मग आपण काय केलं?

इथून पुढे माझं मत. पटलं नाही तर जरूर सांगा.

हा चालता शब्द आपण मुलाच्या कपाळावरचा शिक्का करून टाकला. मराठीत आपण कसं बोलतो ते ऐका. "ती पास आहे." "हा नापास आहे." "नापास पोरगा." फारसीतून आलेला 'ना' आणि इंग्रजी 'पास' जोडून आपण एक विशेषण तयार केलं आणि ते सरळ मुलाला चिकटवलं. एका विषयातलं एक पाऊल अडलं, एवढाच खरा निरोप होता. पण घरी पोचेस्तोवर तो "आमचं पोरगं नापास आहे" असा होतो. उंच आहे, सावळं आहे, तसं नापास आहे. जणू जन्मखूण!

आणि दुसरा प्रयोग त्याहून वाईट. "बाई, तेवढं पास करून टाका ना." दरवर्षी दोन-चार पालक हे म्हणतातच. यात पाऊल मुलाचं राहतच नाही. पास 'करणारी' मी, पास 'होणारं' मूल. जसं लोन पास होतं, तसं मूल पास होतं. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, ढकलपास. आणि मला कबूल करायला हवं, मीही ढकललंय.

नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. वर्गात एक मुलगा होता. आईबाप द्राक्षबागेत कामाला, हंगाम संपला की दुसरीकडे. वर्षातले तीन-चार महिने तो नसायचाच. चौथीच्या शेवटी त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. मी प्रगतिपत्रकावर श्रेणी लिहिली आणि वर्णनात्मक नोंदीत 'वाचनाची आवड आहे' असं लिहून मोकळी झाले. तेव्हा आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही हा नियम होता. मीही मनाची समजूत घातली, नियमच आहे तर मी काय करणार? पुढे आठवीत त्याने शाळा सोडली. एकदा बाजारात भेटला. टेम्पोवर कामाला होता. म्हणाला, "बाई, पुस्तकातलं काही कळायचंच नाही." राग नव्हता त्याच्या बोलण्यात, म्हणून जास्त लागलं.

नियमाचा दोष नव्हता. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने मुलाला मागे ठेवू नका असं सांगितलं होतं, पण त्याबरोबर सातत्यपूर्ण मूल्यमापन करा, मागे पडलेल्याला जादा शिकवा असंही सांगितलं होतं. आपण पहिला भाग पाळला आणि दुसरा कागदावर पाळला. मग २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आली. प्रत्येक विषयात ३५ टक्के हवेत. न मिळाल्यास जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा. त्यातही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात.

यावर स्टाफरूममध्ये दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "बरं झालं, भीती नसेल तर पोरं पुस्तक उघडत नाहीत." पालकही म्हणतात, "आमच्या वेळी नापास व्हायचो, काय बिघडलं?" यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. परीक्षा आल्यापासून पालक शाळेत येऊन विचारू लागले, हे मी स्वतः पाहिलंय. पण जे नापास होऊन शाळा सोडून गेले, ते आज पालकसभेत "काय बिघडलं" म्हणायला आलेले नाहीत, हेही लक्षात घ्या. दुसरा गट म्हणतो, दहा वर्षांच्या लेकराला मागे ठेवणं ही शिक्षाच. तेही खरं. तेच पुस्तक, तोच फळा, त्याच बाई, मग दुसऱ्या वर्षी वेगळं काय होणार?

माझं म्हणणं असं की वाद चुकीच्या जागी चाललाय. वर घालायचं की मागे ठेवायचं हा नंतरचा प्रश्न. या मुलाचं पाऊल नेमकं कुठे अडलंय आणि त्याला कोण हात देतंय, हा पहिला प्रश्न.

कसारा घाटाचंच बघा. चढ इतका तीव्र की मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात. ती इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात, मग सुटतात. त्या गाडीला कुणी ढकलपास म्हणत नाही! कारण मागचं इंजिन गाडीबरोबर अख्खा घाट चढतं. आमचं ढकलणं कसं, तर डबा कसाऱ्यालाच उभा आणि रजिस्टरमध्ये 'इगतपुरीला पोचला' अशी नोंद.

ढकलायला माझी हरकत नाही. फक्त बरोबर चढायला हवं.

आपल्याला काय करता येईल?

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, "ताई, वेळ कुठे आहे?" मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाईन माहिती भरणं, सगळं आपल्याच डोक्यावर. द्विशिक्षकी शाळेत तर एकाच वेळी दोन-तीन वर्ग. तरीही या तीन गोष्टी मी करून पाहिल्यात, त्यांना जास्त वेळ लागत नाही.

एक, 'नापास' ऐवजी पाऊल सांगा. "गणितात कच्ची आहे" हे पालकांना काहीच सांगत नाही. "दोन अंकी संख्येने भागताना पहिला अंक किती घ्यायचा ते अडतं" हे सांगतं. पालक शिकलेले नसले तरी "बाई म्हणाल्या भागाकाराची दोन उदाहरणं रोज" एवढं लक्षात ठेवतात. पालकहो, तुम्हीही निकालाच्या दिवशी "पास झाला का?" विचारण्याआधी "काय येतं आणि काय अडतं?" असं विचारा. शिक्षकाला उत्तर देता आलं नाही, तर परत विचारा.

दोन, पुढच्या शिक्षकाला चिठ्ठी द्या. बॉल पास करताना आपण समोरच्याच्या पायाशी पोचेल असा मारतो, नुसता लाथाडत नाही. मूल पुढच्या वर्गात, पुढच्या शाळेत जाताना अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? काय छान येतं, कुठे अडतं, घरची परिस्थिती काय. प्रगतिपत्रकातल्या सरकारी वाक्यांपेक्षा ही चिठ्ठी कामाची.

तीन, हा शब्दाचा पाठ घ्याच. पटांगणात चुन्याची रेघ मारा आणि मुलांना आपापल्या ढांगांनी शंभर 'पासुस' चालायला सांगा. प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी पोचेल. मग टेपने मोजा, सरासरी काढा. भाषा, इतिहास, गणित एकाच तासात. आमच्या वर्गात एका उंच मुलाने आणि एका चिमुरडीने शंभर-शंभरच ढांगा टाकल्या आणि दोघांत कितीतरी मीटरचं अंतर पडलं. ती चिमुरडी म्हणाली, "पण मी पण शंभर टाकल्या!" तेवढं एक वाक्य ऐकायला तरी हा पाठ घ्या.

आता त्या मुलीचं सांगते. गणितात तिला ५० पैकी १८ हवे होते, पडले १३. मे महिन्यात ती रोज सकाळी तासभर माझ्याकडे यायची. आम्ही चिंचोके वाटून वाटून भागाकार केला. काही दिवस ती रडली, काही दिवस मी वैतागले. जूनच्या पुनर्परीक्षेत तिला २० गुण मिळाले. काठावर!

खरं सांगू? भागाकार तिला पक्का आलाय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बाकी उरली की ती अजून गोंधळते. म्हणून सहावीच्या सरांना मी चिठ्ठी लिहिली: वाचन उत्तम, गोष्टी स्वतः रचते, भागाकारात बाकी उरली की घाबरते, ओरडू नये, चिंचोके द्यावेत. सरांनी ती वाचून खिशात ठेवली म्हणे. एवढं पुरे आहे.

परवा सकाळी फाट्यावर उभी दिसली. एस.टी. यायची होती. मला बघून तिने दप्तरातून पास काढून दाखवला. "बाई, मिळाला."

तुमच्या वर्गात 'पास'ची आणखी कोणती वाक्यं सापडली ते नक्की कळवा. आणि चिठ्ठीचा प्रयोग करून बघा.